बी.एस्सी.ला येणाऱ्या मुलांचं मेकॅनिक्स नेमकं कुठे कच्चं राहतं, आणि पहिल्या सहा आठवड्यांत काय करता येतं

प्रश्न असा आहे: बारावीला फिजिक्समध्ये सत्तर-ऐंशी गुण घेऊन आलेली मुलं बी.एस्सी.च्या पहिल्याच सत्रात मेकॅनिक्सला अडतात. लातूर, नांदेड, बीड, परभणी, कुठेही गेलं तरी शिक्षकांची हीच ओरड. तयारी खरंच घसरली आहे का, आणि वर्गावर जाणाऱ्याने काय करायचं?

घसरली आहे. पण ‘पोरं अभ्यासच करत नाहीत’ हे उत्तर चुकीचं आहे. यातली बरीच मुलं दोन वर्षं पहाटेपासून रात्रीपर्यंत क्लास आणि टेस्ट सिरीजमध्ये पिचलेली असतात. त्यांच्याकडून काय करून घेतलं गेलं आणि काय गाळलं गेलं, ते बघायला हवं.

आधी अभ्यासक्रमाची मांडणी बघा. राज्य मंडळात न्यूटनचे नियम दोनदा येतात: नववीच्या विज्ञानाचा पहिलाच धडा ‘गतीचे नियम’, आणि मग अकरावीच्या फिजिक्सचं चौथं प्रकरण. दोन्ही वर्षं बोर्डाची नाहीत. दहावीच्या बोर्डाला गुरुत्वाकर्षण येतं, बारावीच्या बोर्डाला रोटेशनल डायनॅमिक्स येतं, पण ही दोन्ही ज्याच्यावर उभी आहेत ते कुठल्याच बोर्डाच्या पेपरात नसतं. अकरावीची परीक्षा कॉलेज स्वतःच घेतं, आणि ती किती गांभीर्याने घेतली जाते ते सगळ्यांना माहीत आहे.

सीईटीने, म्हणजे राज्याच्या प्रवेशपरीक्षेने, ही फट बुजवायला हवी होती, पण तसं झालं नाही. फिजिक्सच्या ५० प्रश्नांपैकी अकरावीचे साधारण १०, आणि तेही ठरावीक प्रकरणांवर. अलीकडच्या यादीत ‘मोशन इन अ प्लेन’, ‘लॉज ऑफ मोशन’ आणि ‘ग्रॅव्हिटेशन’ आहेत. ‘मॅथेमॅटिकल मेथड्स’ मात्र नाही. व्हेक्टर आणि प्राथमिक कॅल्क्युलस ज्या दुसऱ्या प्रकरणात आहे, तेच बाहेर! घर्षण आपल्या पुस्तकात सहाव्या प्रकरणात, स्थायूंच्या गुणधर्मांसोबत बसवलं आहे, तेही यादीबाहेर. क्लासवाला यादी बघून शिकवतो, त्याला दोष देण्यात अर्थ नाही. पण परिणाम असा की सदिश, घर्षण आणि कॅल्क्युलस या तीन गोष्टी न शिकता मूल बारावी फिजिक्स चांगल्या गुणांनी पास होऊ शकतं. आणि बी.एस्सी.चा मेकॅनिक्सचा पेपर पहिल्या आठवड्यापासून नेमका यांच्यावरच चालतो.

वर्गात दोन प्रकारची मुलं असतात, त्यांची गल्लत करू नका. एक, तालुक्याच्या कनिष्ठ महाविद्यालयातून आलेली: अकरावी कोरी, प्रॅक्टिकल बहुतेक जर्नल उतरवून पूर्ण केलेलं. दुसरी, ‘नीट’च्या वाटेने आलेली. यांचं अकरावी झालेलं असतं, कारण नीटला दोन्ही वर्षांचा अभ्यासक्रम असतो. पण बहुतेकांनी गणित सोडलेलं असतं आणि १८० मिनिटांत १८० प्रश्न या वेगाची सवय लागलेली असते. पहिल्याला वेळ दिला की तो शिकतो. दुसऱ्याला आधी सूत्र बाजूला ठेवायला लावावं लागतं, आणि ते जास्त अवघड आहे, कारण त्याचं उत्तर बऱ्याचदा बरोबर येतं.

आता मूळ दुखणं. माझ्या मते एकच गोष्ट निवडायची झाली तर ती फ्री बॉडी डायग्राम, म्हणजे एकाच पदार्थावर लागणारी सगळी बलं बाणांनी दाखवणारं चित्र. बाकीच्या निम्म्या चुका तिथूनच निघतात. तपासायला एक जोडीचा प्रश्न पुरतो. ५ किलोचा ठोकळा ३० अंशांच्या घर्षणरहित उतारावर सोडला, तर नॉर्मल (पृष्ठभागाने लंब दिशेने लावलेलं बल) किती? बहुतेक जण एमजी कॉस थीटा लिहितात: ४९ × ०.८६६ = ४२.४ न्यूटन. बरोबर. मग तोच ५ किलोचा पदार्थ ३० अंशांनी बँक केलेल्या (आतल्या बाजूला उतार दिलेल्या), घर्षण नसलेल्या वळणावर योग्य वेगाने फिरतोय. आता नॉर्मल किती? पुन्हा ४२.४ येतं. खरं उत्तर ४९ ÷ ०.८६६ = ५६.६ न्यूटन. बारावीच्या पहिल्याच प्रकरणातलं बँकिंगचं सूत्र याच मुलांनी तोंडपाठ केलेलं असतं, आणि त्या सूत्राच्या पहिल्या ओळीत एन कॉस थीटा = एमजी असं लिहिलेलं असतं. तरी दोन ठिकाणी नॉर्मल वेगळा का, हे कोणी विचारलेलं नसतं.

फरक त्वरणाच्या दिशेचा आहे. उतारावर घसरणाऱ्या ठोकळ्याला पृष्ठभागाच्या लंब दिशेने त्वरण नाही, म्हणून त्या दिशेने बलं समतोल. वळणावरच्या पदार्थाचं त्वरण आडवं, वर्तुळाच्या केंद्राकडे. म्हणून उभ्या दिशेने समतोल. अक्ष कसे घ्यायचे हे पृष्ठभाग ठरवत नाही, त्वरण ठरवतं. हे एक वाक्य वर्गात पक्कं झालं तर आठवडाभराचं काम झालं म्हणायचं.

नॉर्मल म्हणजे नेहमी एमजी, ही समजूत याच चुकीची सख्खी बहीण. ५० किलोचं सोयाबीनचं पोतं, फरशीशी घर्षणांक ०.४, दोर ३० अंश वर धरून सरकवायचं. मूल घर्षण ०.४ × ४९० = १९६ न्यूटन धरतं आणि ओढ १९६ ÷ ०.८६६ = २२६ न्यूटन काढतं. पण दोर वर ओढतोय, नॉर्मल कमी झाला, बरोबर उत्तर १९६ ÷ (०.८६६ + ०.२) = १८४ न्यूटन. तेच पोतं ३० अंश खाली तिरपं ढकललं तर १९६ ÷ (०.८६६ − ०.२) = २९४ न्यूटन. तीनही आकडे शेजारी शेजारी लिहून दाखवा. आडत दुकानातला हमाल पोतं ओढतो, ढकलत का नाही, हे मुलं मग स्वतःच सांगतात.

घर्षणात आणखी एक खोड आहे: जिथे घर्षण दिसेल तिथे म्यू गुणिले एन, म्हणजे घर्षणांक गुणिले नॉर्मल. ५ किलोचा ठोकळा ३० अंशांच्या फळीवर स्थिर आहे, स्थितिक घर्षणांक ०.७, घर्षण किती? उत्तर येतं २९.७. पण ती कमाल मर्यादा झाली. उताराच्या दिशेने ओढ २४.५ न्यूटनची आहे आणि ठोकळा हललेला नाही, म्हणजे घर्षणही २४.५. ते २९.७ असतं तर ठोकळा आपोआप वर चढायला लागला असता. पर्यायी प्रश्नांत हा फरक क्वचित उघडा पडतो, कारण तिथे बहुधा ‘जस्ट’ घसरायला लागण्याची स्थिती दिलेली असते.

निदान-चाचणी पहिल्याच तासाला घ्या: २५ मिनिटं, आकडेमोड जवळपास नाही. वरच्या घर्षणाच्या प्रश्नासोबत हे विचारा. सरळ वर फेकलेल्या चेंडूचं सर्वोच्च बिंदूला त्वरण किती? (‘शून्य’ म्हणणारे भरपूर निघतात.) त्याच चेंडूचा वेग-काळ आलेख काढा. (इंग्रजी व्ही आकार आला तर वेग आणि चाल यांत भेद नाही, खरा आलेख एकच उतरती सरळ रेषा. चेंडू १४.७ मीटर/सेकंदने फेकला असेल तर ती १.५ सेकंदाला अक्ष छेदते आणि तशीच खाली जाते.) विहिरीतून बादली एकसमान वेगाने वर येतेय, दोराचा ताण वजनापेक्षा जास्त, कमी की तेवढाच? ऊस भरलेली ट्रॉली ट्रॅक्टर जागेवरून हलवतोय. ट्रॅक्टर ट्रॉलीला जास्त ओढतो की ट्रॉली ट्रॅक्टरला? टेबलावरच्या पुस्तकाच्या वजनाची प्रतिक्रिया कोणती, आणि ती कशावर? दोरीला बांधून आडव्या वर्तुळात फिरवलेला दगड, दोरी तुटल्या क्षणी कुठल्या दिशेने निघतो?

गुण देऊ नका. कोणतं चुकीचं उत्तर किती जणांनी दिलं, एवढंच टिपून ठेवा. चुका सैरावैरा नसतात; ठरावीक तीन-चार समजुतींभोवतीच फिरतात, आणि ‘गती आहे म्हणजे त्या दिशेने बल असलंच पाहिजे’ ही त्यातली सगळ्यात चिवट. विहिरीचा प्रश्न तिला थेट हात घालतो. १२ किलोची बादली: एकसमान वेगाने ताण ११७.६ न्यूटन, अर्धा मीटर/सेकंद² त्वरणाने वेग वाढवत आणली तर १२३.६, आणि वर येता येता तेवढ्याच दराने मंदावत असेल तर १११.६. बादली तिन्ही वेळा वरच जातेय.

हे जगभर घडतं, मराठवाड्यापुरतं नाही. १९९२ साली अमेरिकेत हेस्टिनेस, वेल्स आणि स्वॅकहॅमर यांनी ‘फोर्स कन्सेप्ट इन्व्हेंटरी’ प्रसिद्ध केली. आजच्या रूपात तिच्यात ३० पर्यायी प्रश्न आहेत आणि चुकीचे पर्याय मुलांच्याच समजुतींवरून घेतलेले आहेत. १९९८ साली हेक यांनी सहा हजारांवर विद्यार्थ्यांचे निकाल एकत्र केले. नुसत्या व्याख्यानाच्या वर्गांत, जेवढी सुधारणा शक्य होती तिच्या सरासरी २३ टक्केच झाली. मुलांना वर्गातच बोलायला-करायला लावणाऱ्या वर्गांत ४८ टक्के. म्हणजे अकरावीचं व्याख्यान फळ्यावर पुन्हा एकदा देऊन ही तूट भरत नाही.

मग सहा आठवड्यांत, आठवड्याला तीन तास धरून, काय करायचं?

पहिला आठवडा फक्त चित्रं. आकडा लिहायचाच नाही. प्रत्येक मुलाने वीस चित्रं काढायची: टेबलावरचं पुस्तक, उतारावरचा ठोकळा, लिफ्टमधला माणूस, झोक्याचं सर्वोच्च आणि सर्वात खालचं टोक, वळणावरची मोटारसायकल, ट्रॅक्टरमागच्या दोन ट्रॉल्या. नियम तीन. एकच पदार्थ निवडून त्याच्याभोवती गोल काढा. त्याच्यावर लागणारीच बलं दाखवा, त्याने दुसऱ्यावर लावलेली नाही. आणि प्रत्येक बाणाशेजारी ‘कोणी लावलं’ ते लिहा: पृथ्वीने, दोराने, फरशीने, हवेने. ज्या बाणाला धनी सापडत नाही तो खोडायचा. या तिसऱ्या नियमाने सेंट्रिपेटल फोर्सचा वेगळा बाण, ‘गतीचं बल’ आणि एमएचा (वस्तुमान गुणिले त्वरणाचा) बाण, तिन्ही एका तासात उडतात. सेंट्रिपेटल हे वेगळं बल नसून दोर, घर्षण, नॉर्मल यांच्या बेरजेचं केंद्राकडचं काम आहे, हे वेगळं समजावावं लागत नाही.

दुसऱ्या आठवड्यात बलाचे कॉम्पोनंट (घटक), पण कॅल्क्युलेटरवर नाही. आलेखकागद, पट्टी आणि कोनमापक घेऊन. १ सेंटीमीटर = ५ न्यूटन या प्रमाणात ४९ न्यूटनचा बाण ९.८ सेंटीमीटरचा. ३० अंशांच्या उताराला समांतर आणि लंब पाडला की ४.९ आणि ८.५ सेंटीमीटर मोजून मिळतात. साइन कुठे नि कॉस कुठे, हे पाठ करणाऱ्याला एक कसोटी द्या: कोन शून्य करून बघ. फळी आडवी झाली तर उताराच्या दिशेची ओढ शून्य व्हायला हवी, म्हणजे तिथे साइनच असणार. ही सवय पुढे जडत्वाघूर्णापर्यंत कामाला येते.

तिसरा आठवडा आलेखांचा. चढ म्हणजे काय, क्षेत्रफळ म्हणजे काय, यापलीकडे जाऊ नका.

चौथ्यात घर्षण आणि जोडलेले पदार्थ. इथे आपल्याकडचं सगळ्यात चांगलं उदाहरण कारखान्याकडे जाणारा ट्रॅक्टर. दोन ट्रॉल्या, भरलेल्या, प्रत्येकी ५,००० किलो, प्रत्येकीला रस्त्याचा रोध १,५०० न्यूटन, त्वरण ०.२ मीटर/सेकंद². मागच्या ट्रॉलीच्या पिनवर ५,००० × ०.२ + १,५०० = २,५०० न्यूटन, पुढच्या पिनवर ५,०००. दोन्ही पिनांवर ओढ सारखीच, असं मुलं हमखास म्हणतात, कारण ‘दोरात ताण सगळीकडे सारखा’ हे पाठ असतं. तो एकाच हलक्या दोराचा नियम आहे; मध्ये ट्रॉली आली की संपला. तिसरा नियमही इथेच सोडवा: ट्रॉली ट्रॅक्टरला मागे तेवढंच ओढते, पण ट्रॅक्टर पुढे जातो तो चाकांवर रस्त्याने लावलेल्या पुढच्या दिशेच्या घर्षणामुळे. क्रिया आणि प्रतिक्रिया दोन वेगळ्या पदार्थांवर असतात, त्या एकमेकींना खोडत नाहीत.

पाचवा आठवडा वर्तुळाकार गती आणि कार्य-ऊर्जेचा, सहावा बदलत्या बलाचा. सहाव्याकडे जरा थांबावं लागतं, कारण शाळेतलं मेकॅनिक्स आणि पदवीचं मेकॅनिक्स यांच्यातली खरी सीमा इथे आहे. त्वरण एकसमान असेल तरच चालणारी तीन समीकरणं मुलं कुठेही लावतात. स्प्रिंगचा स्थिरांक २० न्यूटन/मीटर, ताणली ०.१ मीटर, वस्तुमान ०.२ किलो, मध्यबिंदूला वेग किती? मूल सुरुवातीचं त्वरण १० काढतं, मग २ × १० × ०.१ चं वर्गमूळ, १.४१ मीटर/सेकंद. बरोबर उत्तर १.० आहे, कारण बल वाटेत कमी होत शून्यावर येतं. बल-विस्थापन आलेख काढायला लावा: त्याने आयत धरला होता, आहे त्रिकोण. इंटिग्रेशन म्हणजे हे क्षेत्रफळ, एवढ्यावरूनच पुढचं सगळं शिकवता येतं. गणित सोडलेल्या मुलांना सुरुवातीला चार गोष्टी पुरतात: घातांकाचं, साइन-कॉसचं आणि ई-घात एक्सचं डेरिव्हेटिव्ह, त्यांचं उलट इंटिग्रेशन, लॉगॅरिदम, आणि सदिशांचे डॉट व क्रॉस गुणाकार. लिमिटची व्याख्या नंतर.

भाषेचाही एक अडथळा आहे, तो मात्र झटपट सुटतो. दहावीपर्यंत मराठी माध्यम, पुढे सगळं इंग्रजीत. गणितात ‘स्मूथ’ लिहिलं की घर्षण शून्य, ‘लाइट स्ट्रिंग’ म्हणजे दोराचं वस्तुमान शून्य आणि ताण सर्वत्र सारखा, ‘इनएक्स्टेन्सिबल’ म्हणजे दोन्ही टोकांच्या त्वरणांचं मान एकच, ‘जस्ट बिगिन्स टू स्लाइड’ म्हणजे घर्षण कमाल मर्यादेवर, ‘स्टार्ट्स फ्रॉम रेस्ट’ म्हणजे सुरुवातीचा वेग शून्य. असे पंधरा-वीस शब्द पहिल्या आठवड्यात एका कागदावर द्या. शिकवणं खुशाल मराठीत करा, चिन्हं आणि संज्ञा इंग्रजी ठेवा.

प्रॅक्टिकलबद्दल थोडं सविस्तर. अकरावीत साधा लंबक हाताने न केलेलं मूल इथे टॉर्शनल पेंड्युलमला (तारेला टांगलेली, पीळ देऊन सोडलेली तबकडी) बसतं, तेव्हा मोजमापाची शिस्तच नसते. म्हणून पहिल्या दोन प्रॅक्टिकलांत साधा लंबकच करून घ्या, पण चुका दाखवत. १ मीटर लांबीला आवर्तकाल सुमारे २.०१ सेकंद, २० आंदोलनांना ४०.१ सेकंद. मूल गोळा सोडताना ‘एक’ म्हणून मोजायला लागलं तर प्रत्यक्षात १९ आंदोलनं होतात, वेळ ३८.१ येते आणि जी ९.८ ऐवजी १०.९ निघतो. ‘शून्य’पासून मोजायचं, आणि तेही गोळा मध्यबिंदूतून जाताना, टोकाला तो रेंगाळतो, तिथे क्षण पकडता येत नाही. झोक्याचा कोन १० अंशांच्या आत ठेवला तर आवर्तकालातली चूक ०.२ टक्क्यांच्या आसपास. ३० अंशांना ती १.७ टक्क्यांवर जाते. लांबी गोळ्याच्या वरच्या टोकापर्यंतच मोजली आणि त्रिज्या विसरली, तरी आवर्तकालाचा वर्ग आणि लांबी यांच्या आलेखाचा चढ बिघडत नाही, रेषा फक्त मूळबिंदूतून जात नाही. एका वाचनावरून सूत्राने काढलेला जी मात्र चुकतो. आलेख कशासाठी काढायचा, ते यातून दिसतं.

मग टॉर्शनल पेंड्युलमला आल्यावर मायक्रोमीटर स्क्रू गेजचं महत्त्व सांगावं लागत नाही. तारेचा व्यास ०.५० मिलिमीटर, लघुतम माप ०.०१ मिलिमीटर, म्हणजे २ टक्के. दृढता-गुणांकाच्या (तार पिळायला किती विरोध करते त्या मापाच्या) सूत्रात त्रिज्येचा चौथा घात आहे, म्हणजे उत्तरात ८ टक्के. व्यास एका ठिकाणी, एकदाच मोजणारा मुलगा स्टॉपवॉचच्या दशांश सेकंदावर हुज्जत घालत असतो! तारेवर पाच ठिकाणी, प्रत्येक ठिकाणी काटकोनात दोनदा, आणि झिरो एरर आधी.

पुस्तकं नवी घ्यायला लावू नका. बालभारतीची पुस्तकं ई-बालभारतीच्या संकेतस्थळावर मोफत मिळतात. क्रम असा ठेवा: नववीचे पहिले दोन धडे मराठीतून, एका बैठकीत, मग अकरावीचं दुसरं, तिसरं, चौथं प्रकरण आणि सहाव्यातला घर्षणाचा भाग, त्यानंतर बारावीचं पहिलं आणि आंदोलनांचं पाचवं. उदाहरणं थोडी, पण प्रत्येकाला चित्र हवंच; चित्र नसेल तर बरोबर उत्तरालाही शून्य. नीटवाली मुलं यावर सगळ्यात जास्त कुरकुरतात.

सहाव्या आठवड्याच्या शेवटी तीच निदान-चाचणी पुन्हा घ्या. पहिल्या वेळी उत्तरं फोडू नका आणि कागद परत देऊ नका, नाहीतर दुसऱ्यांदा पाठांतर मोजलं जाईल. हिशेब हेक यांचाच: आधीची टक्केवारी ३० आणि नंतरची ५१ असेल, तर मिळवण्यासारखे ७० होते, मिळाले २१, म्हणजे ०.३. या आकड्याच्या खाली वर्ग राहिला तर शिकवण्याची पद्धत बदला. एखाद्या प्रश्नावर निम्म्याहून जास्त मुलं अजूनही तेच जुनं चुकीचं उत्तर देत असतील, तर पुढचं प्रकरण आठवडाभर थांबवून तेवढाच प्रश्न पुन्हा घ्या. हा प्रश्न बहुधा तिसऱ्या नियमाचा निघतो.